सेंट जॉन्सबरी अथेनियम
अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील सेंट जॉन्सबरी या छोट्या गावातील ऐतिहासिक ग्रंथालय व कलादालन. वजनकाटे बनवणाऱ्या फेअरबँक्स घराण्यातील होरेस फेअरबँक्स यांनी ही इमारत बांधून १८७१ मध्ये गावाला भेट म्हणून दिली. वास्तुरचना जॉन डेव्हिस हॅच यांची. ग्रंथालयासाठी पहिले ग्रंथ विख्यात ग्रंथपाल विल्यम पूल यांनी निवडले.

१८७३ मध्ये मागील बाजूस जोडलेले कलादालन हे या वास्तूचे खरे वैभव. तेथे हडसन नदी शैलीतील निसर्गचित्रे आहेत. छतातील काचेतून येणाऱ्या उजेडात आल्बर्ट बीरस्टाट यांचे योसेमिटी दरीचे सुमारे दहा फूट उंच, पंधरा फूट रुंद चित्र पाहता येते. एवढ्याशा गावात इतके भव्य चित्र असणे विलक्षणच. १९९६ मध्ये ही इमारत राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून घोषित झाली.