ग्रास कटरसाठी नवा कार्बोरेटर निवडताना

पीपलरावां, सोनकच्छ, देवास या भागात ज्यांची शेती किंवा मोठे अंगण आहे, अशा सभासदांकडे खांद्याला अडकवायचे पेट्रोलचे ग्रास कटर आता सर्रास दिसते. सोयाबीनच्या दिवसांत काळी माती ओली असली की बांधावरचे गवत त्यानेच निघते. नेमके तेव्हाच मशीन रुसते आणि घाईत मिळेल तो कार्बोरेटर आणला जातो. आम्हीही एकदा फक्त सीसी जुळते एवढे पाहून कार्बोरेटर घेतला. तो बसला, मशीन सुरूही झाले, पण अर्ध्या तासात पिस्टन जाम झाला. वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट खर्च इंजिनावर झाला.

असे का होते? टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमधूनच आत जाते. कार्बोरेटरने पेट्रोल कमी सोडले की तेलही कमी पोहोचते आणि इंजिन जास्त तापते. म्हणून मशीन सुरू झाले, एवढ्यावर कार्बोरेटर योग्य ठरत नाही.

आधी खात्री करा

टाकीतले जुने पेट्रोल काढून ताजे भरा. टाकीतील फिल्टर, पेट्रोलची नळी, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग तपासा. बऱ्याचदा दोष इथेच सापडतो. कार्बोरेटरमध्ये दोष असला, तरी तो साफ करून नवा डायफ्राम आणि गॅस्केट टाकल्यास अनेकदा काम भागते. या वस्तूंचा किट नव्या कार्बोरेटरपेक्षा स्वस्त पडतो. बॉडीला तडा असेल, आतला भाग गंजला असेल किंवा थ्रॉटलचा दांडा ढिला झाला असेल, तरच पूर्ण कार्बोरेटर बदला.

काय जुळवायचे

१. प्रकार : हातात धरायच्या मशीनमध्ये डायफ्रामचा कार्बोरेटर असतो, कारण ते कसेही तिरके केले तरी पेट्रोल मिळत राहावे लागते. पाण्याचा पंप किंवा ढकलायचे लॉन मोवर यांना बहुधा फ्लोटचा असतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

२. इंजिन : टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, हे आधी पाहा. होंडाचे जीएक्स ३५ हे ३५.८ सीसीचे इंजिन फोर-स्ट्रोक आहे. साधारण तेवढ्याच सीसीच्या टू-स्ट्रोकचा कार्बोरेटर त्याला लावू नये.

३. नंबर : मशीनचा रंग किंवा स्टिकर पाहू नका. इंजिनाचा मॉडेल नंबर आणि कार्बोरेटरच्या बॉडीवर कोरलेला नंबर, दोन्ही लिहून घ्या. वॉलब्रोच्या काही कार्बोरेटरवर ‘डब्ल्यूटी’ किंवा ‘डब्ल्यूवायएल’ अशी अक्षरे आणि पुढे आकडा असतो. नुसती अक्षरे जुळून भागत नाही, आकडाही जुळायला हवा.

४. मापे : नंबर पुसला असेल, तर हवेच्या छिद्राचा व्यास आणि दोन बोल्टच्या मध्यांतले अंतर व्हर्नियरने मोजा. नळ्या किती, चोक आणि केबल कोणत्या बाजूला, हेही मिळवून पाहा. जुना कार्बोरेटर दुकानात सोबत न्या आणि पक्के बिल घ्या.

बसवताना

गॅस्केट नवे वापरा आणि जुने ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने लावा. फटीतून हवा शिरली, तर चांगला कार्बोरेटरही पेट्रोल कमी देतो. वेग वाढवण्यासाठी ‘एच’ खुणेचा स्क्रू आवळू नका. त्याने पेट्रोल कमी होते. मशीन संथ चालत असताना पाते फिरता कामा नये. फिरत असेल तर संथ गती कमी करा. तरीही फिरले तर क्लच दाखवा, तोवर मशीन वापरू नका.

नंतरची काळजी

तेलाचे प्रमाण मशीनच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. २५ : १ सांगितले असेल तर एक लिटर पेट्रोलला ४० मिली, ५० : १ असेल तर २० मिली तेल लागते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढते आणि जुन्या रबरी भागांना त्रास देते. म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

दोन्ही नंबर आणि बदलाची तारीख घरच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात मशीन अडलेच, तर दुकानात अंदाज बांधत बसावे लागणार नाही.