हॅमिल्टन, वॉल्टर रिचर्ड पोलॉक

(१८ ऑगस्ट १८५६ – ३ सप्टेंबर १८७९). ब्रिटिश हिंदुस्थानी लष्करातील गाइड्स दलाचा लेफ्टनंट, व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी आणि काबूलमधील ब्रिटिश वकिलातीच्या रक्षकदलाचा प्रमुख. दुसऱ्या अफगाण युद्धातील (१८७८–८०) दोन प्रसंगांमुळे त्याचे नाव टिकले. पहिला २ एप्रिल १८७९ च्या फतेहाबादच्या लढाईचा, दुसरा त्यानंतर पाच महिन्यांनी काबूलमध्ये आलेल्या मृत्यूचा. इंग्रजी पुस्तकांत हे दोन्ही प्रसंग एकाच शौर्यकथेचे पूर्वार्ध-उत्तरार्ध म्हणून येतात. पुराव्याच्या कसोटीवर ते सारखे उतरत नाहीत. पहिला प्रसंग त्याच्या एकट्याच्या नावावर निःशंक जमा करता येतो. दुसऱ्यात तो अनेकांपैकी एक होता, आणि ज्या साक्षींवरून त्याचे शौर्य सिद्ध होते त्याच साक्षी त्याच्या हिंदी सैनिकांचे शौर्य त्याहून ठळकपणे सांगतात.

जन्म आयर्लंडमधील किल्केनी परगण्यात इनिस्टीओग येथे. शिक्षण इंग्लंडमध्ये फेल्स्टेड शाळेत. १८४२ मध्ये काबूलवर सूडाची स्वारी नेणारा सर जॉर्ज पोलॉक त्याच्या आईकडून आप्त. प्रथम ७० व्या पायदळ पलटणीत, नंतर गाइड्सच्या घोडदळात.

गाइड्स हे दल हॅरी लम्सडेन याने १८४६ मध्ये पेशावर भागात उभे केले. त्यात घोडदळ आणि पायदळ एकत्र असे. भरती शीख, पठाण, पंजाबी मुसलमान, डोगरा, गुरखा अशी मिश्र होती, आणि मुख्य छावणी मर्दान येथे होती. खाकी गणवेश सर्वप्रथम याच दलाने वापरला. सरहद्दीवरच्या ब्रिटिश सत्तेचे हे आवडते दल असल्यामुळे त्याच्याविषयी लिहिले गेले पुष्कळ, परंतु ते बहुतांशी त्याच्याच अधिकाऱ्यांनी लिहिले. जी. जे. यंगहजबंड याचे १९०८ मधील प्रसिद्ध पुस्तकही गाइड्सच्याच अधिकाऱ्याचे. ही गोष्ट पुढील मजकूर वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

फतेहाबादची लढाई जलालाबादच्या पश्चिमेला खुगियानी टोळ्यांशी झाली. ब्रिगेडियर चार्ल्स गफ याच्या तुकडीतील गाइड्सच्या घोडदळाने संख्येने कितीतरी मोठ्या जमावावर चाल केली. तिचा नायक मेजर विग्रम बॅटी मारला गेला आणि पथकात एकच गोरा अधिकारी उरला, तो २२ वर्षांचा हॅमिल्टन. त्याने सूत्रे हाती घेऊन चाल पुढे रेटली. धामधुमीत दौलतराम नावाच्या स्वाराचा घोडा ठार होऊन कोसळला. दौलतराम त्यात अडकून पडला. उठता येईना, वळता येईना, आणि तीन हल्लेखोर त्याच्यावर तुटून पडले. हॅमिल्टनने घोडा तिकडे घातला, मागोमाग काही स्वार आले, तिघेही हल्लेखोर कापले गेले आणि दौलतराम वाचला. दिवस, ठिकाण, हल्लेखोरांची संख्या, वाचलेल्या माणसाचे नाव हे सर्व सरकारी मानपत्रात आहे. ज्याचा जीव वाचला तो स्वतः आणि सोबतचे स्वार हे साक्षीदार होते. एखाद्या सैनिकाच्या वैयक्तिक शौर्याला इतका नेमका आधार क्वचितच मिळतो. या प्रसंगाविषयी शंका घेण्यास जागा नाही.

व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा मात्र ७ ऑक्टोबर १८७९ च्या लंडन गॅझेटमध्ये झाली, म्हणजे हॅमिल्टनच्या मृत्यूनंतर महिना उलटल्यावर. त्या काळी हे पदक मरणोत्तर देत नसत. त्याच वर्षी २२ जानेवारीला झुलूलँडमधील इसांडलवाना येथे पलटणीचे निशाण वाचवताना मेलव्हिल आणि कॉगहिल हे दोन लेफ्टनंट पडले. ते जगते तर पदकास पात्र ठरते, एवढाच शेरा त्यांच्या वाट्याला आला आणि प्रत्यक्ष पदक मिळायला १९०७ साल उजाडले. हॅमिल्टनला मानाचे कारण तो जिवंत असतानाचे, फतेहाबादचे होते, म्हणून त्याला ते मिळाले. मानपत्रात काबूलचा संबंध नाही. तरीही पदक काबूलच्या झुंजीबद्दल मिळाले अशी समजूत आढळते. ती चुकीची आहे. दौलतरामला वाचवणाऱ्या इतर स्वारांचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण हिंदी सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याचा अधिकार १९११ पर्यंत नव्हता. त्यांच्यासाठी १८३७ पासून ऑर्डर ऑफ मेरिट हे वेगळे पदक होते.

काबूलची पार्श्वभूमी थोडक्यात अशी : अमीर शेर अलीने ब्रिटिश शिष्टमंडळ स्वीकारण्यास नकार दिल्यावर व्हाइसरॉय लिटन याने नोव्हेंबर १८७८ मध्ये युद्ध पुकारले. शेर अली मरण पावला आणि त्याचा मुलगा याकूबखान याने २६ मे १८७९ रोजी गंडमकचा तह करून काबूलमध्ये ब्रिटिश वकील ठेवण्याचे मान्य केले. तह करणारा सर लुई कॅव्हॅग्नरी हाच वकील म्हणून २४ जुलैला काबूलला पोहोचला. बरोबर चिटणीस विल्यम जेन्किन्स, डॉक्टर ॲम्ब्रोज केली आणि रक्षकदलासह हॅमिल्टन. गाइड्सचे स्वार आणि शिपाई मिळून रक्षकदल सुमारे पाऊणशे माणसांचे. वकिलातीला जागा मिळाली ती बाला हिसार किल्ल्याच्या आवारात, कच्च्या भिंती आणि लाकडी तुळयांच्या घरांत. वरच्या अंगाला असलेल्या शस्त्रागारातून आणि आसपासच्या गच्च्यांवरून आतले अंगण उघडे दिसे. बचावाच्या दृष्टीने याहून वाईट जागा शोधून सापडली नसती, आणि ती निवड हॅमिल्टनची नव्हती. काबूलमध्ये राहणारा निवृत्त रिसालदार-मेजर नक्शबंदखान याने शहरातील असंतोषाची सूचना दिली होती. कॅव्हॅग्नरीने ती मनावर घेतली नाही. २ सप्टेंबरच्या त्याच्या तारेत सर्व ठीक असल्याचे कळवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कित्येक महिन्यांचा पगार थकलेल्या हेराती पलटणी बाला हिसारमध्ये जमल्या. एकाच महिन्याचा पगार हाती पडताच गोंधळ उसळला आणि जमाव वकिलातीकडे वळला. दगडफेक, मग गोळीबार. नंतर शस्त्रागारातली हत्यारे लुटली गेली आणि शहरातले लोक येऊन मिळाले. मदतीसाठी अमीर याकूबखानाकडे निरोप गेले, मदत आली नाही. चारही गोरे अधिकारी आणि जवळजवळ सर्व रक्षकदल त्या दिवशी मारले गेले. चारा आणायला किंवा निरोप घेऊन बाहेर गेलेले मोजके लोक तेवढे वाचले. मृत्यूच्या वेळी हॅमिल्टनला तेवीस वर्षे पूर्ण होऊन सोळा दिवस झाले होते.

मतभेद आहेत ते शेवटच्या काही तासांविषयी, आणि या नोंदीचा मुख्य मुद्दाही तोच आहे. झुंज संपली तेव्हा आतला कोणीही सांगायला उरला नव्हता. जे काही माहीत आहे ते बाहेरून पाहिलेल्यांकडून. नक्शबंदखान त्या दिवशी जवळपासच अडकून पडला होता. त्याच्या निवेदनानुसार वेढ्यातून चार वेळा बाहेर चढाई झाली. पहिल्या चढाईच्या आघाडीला चार गोरे अधिकारी होते, दुसऱ्या वेळी तीन, तिसऱ्या वेळी दोन. चौथी चढाई झाली ती एका शीख जमादाराच्या नेतृत्वाखाली. हा जमादार म्हणजे जीवंदसिंग असे सामान्यतः मानतात. पलटणीच्या परंपरेत चित्र थोडे वेगळे आहे. तिच्यानुसार हॅमिल्टन शत्रूच्या तोफा ओढून आणण्यासाठी पुनःपुन्हा बाहेर पडला आणि शेवटच्या अशा चढाईत तोफेपाशी पडला. मग उरलेल्या मूठभर सैनिकांना, तुमच्याशी आमचे वैर नाही, हत्यारे टाका, असा निरोप हल्लेखोरांनी पाठवला. तो नाकारून जीवंदसिंग उरलेल्यांसह बाहेर पडला आणि सगळे लढताना मारले गेले. हॅमिल्टन नेमका कोणत्या चढाईत पडला याविषयी ही दोन कथने पुरतेपणी जुळत नाहीत. मात्र एका गोष्टीवर दोन्हींचे एकमत आहे : शेवटी पुढे होता तो हिंदी जमादार, आणि गोरा अधिकारी नसतानाही झुंज थांबली नाही.

या साक्षींवर एक गंभीर आक्षेप घेता येतो. ऑक्टोबर १८७९ मध्ये जनरल रॉबर्ट्सने काबूल घेतल्यावर कर्नल मॅक्ग्रेगर, डॉ. बेल्यू आणि मुहंमद हयातखान यांच्या मंडळाने चौकशी केली. तिच्या मागोमाग ऐंशीहून अधिक लोकांना फाशी देण्यात आले. फासावर जाण्याची धास्ती असलेल्या माणसांच्या जबान्या कितपत विश्वासार्ह? अपराध कोणाचा, जमावात कोण होते, अमिराचा हात होता का, या बाबतीत त्या जबान्या सावधपणेच घ्यायला हव्यात. अमिराच्या दोषाबद्दल अभ्यासकांत आजही एकवाक्यता नाही. परंतु मेलेल्या शिपायांनी शरणागती नाकारली असे सांगून कोणाचीही मान सुटणार नव्हती. विजेत्यांनाही ती कथा मुद्दाम घडवण्याची गरज नव्हती, कारण त्यांना हवा असलेला नायक हॅमिल्टनच्या रूपाने तयार होता. ज्यात सांगणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा दोघांचाही खास स्वार्थ नाही असा तपशील जास्त भरवशाचा मानावा लागतो. शिपायांच्या शौर्याचा तपशील या जातीचा आहे. याउलट मारल्या गेलेल्या अफगाणांचा सहाशेपर्यंतचा आकडा, जो ब्रिटिश पुस्तकांत सर्रास येतो, तो या कसोटीला उतरत नाही. तो वाढवण्यात सांगणाऱ्याचेही हित होते आणि ऐकणाऱ्याचेही.

दुसरा आक्षेप नेतृत्वाचा. सैन्य लढते ते नायकाच्या बळावर, तेव्हा शिपायांच्या निष्ठेचे श्रेय त्यांना घडवणाऱ्या आणि लढवणाऱ्या हॅमिल्टनकडेच जाते, असे पलटणीचे लेखक सुचवतात. दिवसाच्या पूर्वार्धापुरते हे मान्य करण्यात अडचण नाही. तो स्वतः पुढे राहिला आणि उघड्या अंगणातून तोफांवर चालून गेला, हे कुणीही नाकारलेले नाही. पण परंपरेने सांगितलेला क्रम धरला तर शरणागतीची संधी आली ती त्याच्या मृत्यूनंतर. गोऱ्या अधिकाऱ्यांना अशी निवड करावीच लागली नाही. त्यांना जीवदान मिळण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. शिपायांना ती होती. त्यांच्यातल्या मुसलमानांना तर धर्मबंधू म्हणून जमावात मिसळणे अधिकच सोपे होते. जगण्याचा मार्ग समोर असताना तो नाकारणे आणि मार्गच नसताना लढणे ही दोन्ही शौर्याचीच कृत्ये, परंतु पहिल्यात निर्णय अधिक आहे. हा निर्णय जीवंदसिंगाने आणि त्याच्या सोबत्यांनी घेतला, म्हणून त्याचे श्रेयही त्यांचेच. जमादार हे त्या सैन्यात राजपत्रित हिंदी अधिकाऱ्याचे पद होते, हेही मराठी वाचकाला सांगायला हवे, कारण आज त्या शब्दाचा अर्थ निराळा झाला आहे.

तिसरा आक्षेप मुळावरचा आहे. हे युद्ध लादलेले होते. ज्या वकिलातीचे रक्षण झाले ती अफगाणांनी मागितलेली नव्हती. मग तिच्या रक्षकांचा गौरव कशासाठी? हेतूवरचा हा ठपका योग्य आहे. युद्धाच्या खर्चाचा मोठा भाग हिंदुस्थानच्या तिजोरीतून गेला. १८७६–७८ च्या दुष्काळातून दख्खन नुकतीच उठत असताना दुष्काळनिवारणासाठी बसवलेल्या करांचा पैसा युद्धाकडे वळवल्याची टीका त्याच काळात झाली. पुढे मैवंद येथे २७ जुलै १८८० च्या पराभवात मुंबई लष्करातील ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या पलटणींची मोठी हानी झाली. पगार थकलेले हेराती शिपाईही अन्यायाने पेटलेले होते, आणि त्यांच्यापैकी तोफेच्या तोंडाशी कोण कसा लढला याची नोंद कोणीही ठेवली नाही. पण लिटनच्या धोरणाचा दोष जीवंदसिंगावर टाकता येत नाही, आणि हॅमिल्टनवरही नाही. धोरणाचा निवाडा ज्यांनी ते ठरवले त्यांच्या नावावर करावा, माणसाच्या धैर्याचा त्याच्या कृतीवरून. या दोन गोष्टी एकत्र केल्या की एक तर धैर्याला नाकारावे लागते, नाही तर धोरणाला उजळावे लागते. ब्रिटिश लेखकांनी दुसरे केले. पहिले करून त्याची भरपाई होत नाही.

स्मारके : शिल्पकार चार्ल्स बेल बर्च याने १८८० च्या सुमारास हॅमिल्टनचा पुतळा घडवला. त्याची प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. मर्दान येथे गाइड्सचे स्मारक १८९२ मध्ये उभारले गेले. तेथे कॅव्हॅग्नरीबरोबर रक्षकदलाचेही स्मरण आहे. एम. एम. के यांच्या १९७८ मधील ‘द फार पॅव्हिलियन्स’ या कादंबरीत हॅमिल्टन हे प्रमुख पात्र आहे. आजच्या वाचकाला त्याची ओळख बहुधा तिथूनच झालेली असते.

कोशरचनेच्या दृष्टीने हॅमिल्टनच्या नावाची नोंद फतेहाबादपुरती पुरेशी आहे. काबूलच्या झुंजीची नोंद रक्षकदलाच्या नावाने वेगळी व्हावी आणि तिच्यात पहिले नाव जमादार जीवंदसिंगाचे असावे.