मातृभाषा हीच पात्रता

परदेशी जाऊन तिथल्या शाळकरी मुलांना इंग्रजी शिकवणारा तरुण स्वयंसेवक आता इतका परिचयाचा झाला आहे की त्यालाही काही इतिहास असेल, हे सहसा मनात येत नाही. तो पाहायचा तर फिलिपिन्सकडे वळावे.

ऑगस्ट १९०१ मध्ये 'थॉमस' हे अमेरिकी लष्कराचे वाहतूक-जहाज सुमारे पाचशे शिक्षकांना घेऊन मनिला बंदरात आले. फिलिपिन्सशी चाललेले अमेरिकेचे युद्ध तेव्हा संपलेले नव्हते. इंग्रजी हे सार्वजनिक शिक्षणाचे माध्यम असेल, असा कायदा त्याच वर्षी जानेवारीत झाला होता. जहाजावरून या मंडळींना 'थॉमसाइट' हे नाव पडले. ती पगारी माणसे होती, त्यामुळे काटेकोरपणे त्यांना स्वयंसेवक म्हणता येणार नाही. परंतु साहसाची हौस, परोपकाराची प्रामाणिक भावना आणि राज्यकर्त्यांचे धोरण यांचे जे मिश्रण पुढे स्वयंसेवकांत आढळते, ते इथेही आहे. (ज्या लष्कराने बंदुका वाहून नेल्या, त्याच्याच जहाजातून शिक्षकही आले, हे विसरू नये.)

त्यांचे काम वाया गेले असे मात्र नाही. पाझ मार्केस बेनितेस यांची 'डेड स्टार्स' ही कथा १९२५ साली प्रसिद्ध झाली. फिलिपिनो लेखणीतून इंग्रजीत उतरलेली पहिली आधुनिक कथा असा तिचा लौकिक आहे. नेमक्या त्याच वर्षी पॉल मन्रो यांच्या समितीने शाळांची पाहणी करून अहवाल दिला. परक्या भाषेचा मुलांच्या शिकण्यावर पडणारा भार त्यात स्पष्टपणे मांडलेला आहे. बहुसंख्य मुले तर प्राथमिक शिक्षणही पुरे न करता शाळा सोडत होती. वाङ्मयेतिहासात १९२५ ची नोंद होते ती कथेमुळे. या मुलांची नोंद तिथे नसते.

१९६१ च्या मार्चमध्ये केनेडी यांनी 'पीस कोअर' ही सरकारी स्वयंसेवक-योजना सुरू केली आणि त्याच वर्षी तिची पहिली तुकडी फिलिपिन्सला पोहोचली. आता प्रश्न वेगळा होता. देश १९४६ साली स्वतंत्र झाला होता आणि फिलिपिनो शिक्षक कित्येक दशके स्वतःच इंग्रजी शिकवत होते. तेव्हा नुकतेच पदवीधर झालेल्या, अध्यापनाचा फारसा अनुभव नसलेल्या या तरुणांना 'शिक्षण-सहायक' म्हणून प्राथमिक शाळांत धाडण्यात आले. सहाय्य कशात करायचे? अनुभवी शिक्षिकेपाशी नसलेली आणि त्यांच्यापाशी असलेली एकच गोष्ट होती : इंग्रजी ही त्यांची जन्मभाषा होती. थोडक्यात, मोल होते ते त्यांच्या उच्चारांना.

हा समज केवळ अमेरिकी नव्हे. त्याच १९६१ साली युगांडातील मकेरेरे येथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी-अध्यापनविषयक परिषद भरली. आदर्श शिक्षक तो जन्मभाषिक, हे तिच्यामागील गृहीतक रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात उघडे पाडले आणि त्याला सरळ भ्रम म्हटले.

फिलिपिन्समधील योजनेचे पहिले संचालक लॉरेन्स फुक्स यांचे १९६७ चे पुस्तक या दृष्टीने वाचनीय आहे. नेमके काम काय, हेच न उमगल्याने स्वयंसेवक अस्वस्थ होत. त्यातच सरळ तोंडावर बोलणे हा त्यांचा सद्गुण, तर 'पाकिकिसामा', म्हणजे सर्वांशी जुळवून घेणे, हा यजमानांचा. कौतुकाने वागवले जाणारे हे पाहुणे वर्गात मात्र उपरेच राहत, असे त्यावरून दिसते. माझ्या मते दोष त्या मुलामुलींचा नव्हता. ज्यांनी उच्चारालाच विद्या मानून त्यांना पाठवले, त्यांचा होता.

रेनातो कॉन्स्तान्तिनो यांचा फिलिपिनोंच्या 'कुशिक्षणा'वरील गाजलेला निबंध १९६६ मध्ये छापला गेला. इंग्रजी माध्यमाने आपल्याला आपल्याच भूतकाळापासून तोडले, हे त्याचे प्रतिपादन. तो निबंध इंग्रजीत आहे.

पुढे २००५ पासून अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या शाळांनी शिक्षकांच्या तुटवड्यामुळे फिलिपिन्समधून शेकडो शिक्षक आणले. त्यांना मात्र कोणी स्वयंसेवक म्हटले नाही, आणि परवाने व प्रवास यांचा हजारो डॉलरांचा खर्च अनेकांनी कर्ज काढून भागवला.