नकाशालेखन, भौगोलिक माहिती प्रणालीतील

पृथ्वीवरील विशिष्ट स्थानांशी निगडित असलेली माहिती संगणकात साठवून, तिच्यातून हेतूनुसार नकाशा रचण्याची आणि तो इतरांना वापरता येईल अशा रूपात पोहोचविण्याची पद्धती. भौगोलिक माहिती प्रणालीत, म्हणजे रूढ बोलीत जीआयएसमध्ये, रस्ते, नद्या, गावे, प्रशासकीय हद्दी ही प्रत्येक बाब स्वतंत्र थर म्हणून ठेवली जाते. विहीर बिंदूने, रस्ता रेषेने आणि तालुका बहुभुजाने दाखविणाऱ्या थराला सदिश, तर उपग्रहचित्राप्रमाणे लहान चौकटींच्या जाळीने बनलेल्या थराला रास्टर म्हणतात; सदिश थरातील प्रत्येक आकृतीला नाव, लोकसंख्या, क्षेत्रफळ अशा गुणधर्मांचा तक्ता जोडलेला असतो. छापील नकाशात माहिती आणि तिचे चित्र एकाच कागदावर एकजीव झालेले असे. येथे ती दोन्ही वेगळी झाली आणि त्यामुळेच एकाच माहितीतून एकमेकांना खोडून काढणारे दोन नकाशे काढणेही सोपे झाले.

अशी पहिली मोठी प्रणाली १९६० च्या दशकात कॅनडामध्ये, देशातील जमिनीच्या नोंदी हाताळण्यासाठी, रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्याच दशकात हॉवर्ड फिशर यांनी विकसित केलेली सायमॅप ही आज्ञावली मुद्रकावर अक्षरांवर अक्षरे छापून नकाशातील छटा साधत असे. सध्या व्यावसायिक क्षेत्रात एझ्री या कंपनीची आर्कजीआयएस ही आज्ञावली, तर मुक्त आज्ञावलींमध्ये गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये आरंभिलेली क्यूजीआयएस विशेष प्रचलित आहे.

नकाशा रचताना पहिला निर्णय प्रक्षेपणाचा, म्हणजे गोलाकार पृथ्वी सपाट पृष्ठावर कशी उतरवावी याचा असतो. वेबवरील बहुतेक नकाशे मर्केटर प्रक्षेपणाचे एक सोपे रूप वापरतात. त्यात विषुववृत्तापासून दूर जावे तसे प्रदेश फुगत जातात आणि ६० अक्षांशावर क्षेत्रफळ चौपट दिसते, म्हणून क्षेत्रांची तुलना करणाऱ्या नकाशाला ते निरुपयोगी ठरते. मोजमापासाठी पृथ्वीचे ६ रेखांश रुंदीचे ६० पट्टे पाडणारी यूटीएम पद्धत सोयीची असते. परंतु ४३ व ४४ या पट्ट्यांमधील ७८° पूर्व ही सीमा विदर्भातून जात असल्याने अमरावती एका पट्ट्यात, तर वर्धा आणि नागपूर दुसऱ्या पट्ट्यात पडतात, आणि संपूर्ण महाराष्ट्राच्या नकाशासाठी वेगळ्या प्रक्षेपणाचा विचार करावा लागतो. निरनिराळ्या प्रक्षेपणांतील थर आज्ञावली आपोआप जुळवून दाखविते, त्यामुळे नवशिक्याच्या लक्षात हा प्रश्न सहसा येतच नाही.

नकाशाकडून दिशाभूल होते ती मात्र बहुधा वर्गीकरणात. प्रदेशांना आकडेवारीनुसार कमी-अधिक गडद छटा देणाऱ्या नकाशाला क्षेत्रघनी नकाशा म्हणतात आणि त्यात एकूण संख्येऐवजी घनता किंवा प्रमाण दाखविणे अपेक्षित असते. एकूण संख्या रंगविली, तर केवळ आकाराने मोठा असलेला जिल्हा महत्त्वाचा भासतो, म्हणून अशा संख्येसाठी लहानमोठी वर्तुळे योग्य ठरतात. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात दर चौ. किमी.मध्ये ७४, तर मुंबई उपनगर जिल्ह्यात सुमारे २१ हजार माणसे राहत होती. या दोन टोकांमध्ये समान अंतराचे पाच वर्ग पाडले, तर तेव्हाच्या ३५ जिल्ह्यांपैकी मुंबईचे दोन जिल्हे सर्वांत गडद, उरलेले ३३ सर्वांत फिके आणि मधले तिन्ही वर्ग रिकामे राहतात. उलट प्रत्येक वर्गात सात जिल्हे बसविले, तर कोल्हापूर आणि नागपूर हे मुंबईच्याच रंगात रंगतात. दोन्ही नकाशे गणिताने बिनचूक आहेत. आकड्यांमधील स्वाभाविक फटी शोधून वर्ग पाडणारी, जॉर्ज जेंक्स यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत अनेकदा सुचविली जाते, तथापि तिच्या वर्गसीमा प्रत्येक आकडेवारीगणिक बदलत असल्याने दोन वर्षांच्या नकाशांची तुलना तिच्याद्वारे नीट होत नाही. आज्ञावलीने आपणहून सुचविलेले वर्ग तसेच ठेवणे हाही एक निर्णयच असतो, फक्त तो कोणी घेतला हे वाचकाला कळत नाही.

रंग, आकार, आकारमान, दिशा अशा दृश्य घटकांपैकी कोणता कशासाठी वापरावा याचे पद्धतशीर विवेचन फ्रेंच नकाशाशास्त्रज्ञ झाक बर्तँ यांनी १९६७ मध्ये केले. चढत्या संख्येसाठी एकाच रंगाच्या फिक्या ते गडद छटा आणि केवळ प्रकारभेदासाठी भिन्न रंग, हा संकेत त्यांच्या विचारांशी सुसंगत आहे.

नावे लिहिण्याचे बहुतेक नियम रोमन लिपी समोर ठेवून घडले असून देवनागरीत ते जसेच्या तसे चालत नाहीत. पर्वतरांगेचे किंवा प्रदेशाचे नाव अक्षरांत अंतर सोडून लांबवर पसरविण्याची प्रथा रोमन लिपीत शोभून दिसते. देवनागरीत तसे केल्यास शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरल्यासारखा वाटतो. नदीच्या वळणाबरोबर नाव वळविताना प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे फिरविले जाते, तेव्हाही हीच अडचण येते. शिवाय वर मात्रा आणि खाली उकार असल्याने ओळीला अधिक उंची द्यावी लागते. वेबवरील काही नकाशांत अक्षरे एकेक करून रेखाटली जात असल्याने जोडाक्षरे फुटतात आणि वेलांटी भलत्या जागी उमटते.

तयार नकाशा चित्र किंवा पीडीएफ म्हणून देता येतो, पण त्यातून मूळ माहिती परत मिळत नाही. माहितीसह देवाणघेवाणीसाठी शेपफाइल हा जुना प्रकार अजूनही सर्वाधिक आढळतो. नावाने ती एक असली, तरी प्रत्यक्षात अनेक फाइलींचा जुडगा असते आणि त्यातील एक गहाळ झाली तरी काम अडते. तिच्या तक्त्यातील स्तंभाच्या नावाला केवळ दहा बाइट मिळतात आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्यामुळे ‘तालुका’ एवढे नावही, त्यातील काना आणि उकार वेगळे मोजले जात असल्याने, तेथे मावत नाही. जिओपॅकेज आणि जिओजेसन या नंतरच्या प्रकारांत ही मर्यादा नाही. महाराष्ट्रात वडगाव, पिंपळगाव अशी एकाच नावाची अनेक गावे असल्याने तक्ते नावावरून न जोडता गावाच्या सांकेतिक क्रमांकावरून जोडणे सुरक्षित असते.

वेब नकाशा बहुधा २५६ बिंदू लांबी-रुंदीच्या चौकोनी फरशांमध्ये विभागलेला असतो; संपूर्ण जग सुरुवातीला एका फरशीत मावते आणि पुढील प्रत्येक पातळीवर फरशांची संख्या चौपट होत गेल्याने अठराव्या पातळीवर ती ६,८०० कोटींहून अधिक होते. वाचकाकडे फक्त त्याच्या पडद्यापुरत्या फरशा पाठविल्या जातात. मात्र १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकावरील अर्ध्या मिलिमीटरची रेषा जमिनीवर २५ मीटर व्यापते, म्हणून तिच्यावरून उतरविलेली हद्द पडद्यावर कितीही मोठी करून पाहिली, तरी ती कोणाच्या अंगणातून जाते हे सांगू शकत नाही. माहितीचा स्रोत, काळ आणि मूळ प्रमाण नकाशाबरोबर देणे यासाठी आवश्यक असते. ओपनस्ट्रीटमॅपसारखी लोकसहभागातून साकारलेली माहिती वापरल्यास तिचा श्रेयनिर्देश परवान्यानुसार बंधनकारक असतो.

भारतात नकाशांचा तपशील दीर्घकाळ सरकारी परवानगीच्या चौकटीत होता. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांवरील पूर्वपरवानगीची अट काढली. आडव्या दिशेत १ मीटर आणि उभ्या दिशेत ३ मीटर या मर्यादेपेक्षा अधिक सूक्ष्म माहितीबाबत परदेशी संस्थांवर मात्र निर्बंध राहिले. देशाची बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळणे कायद्याने आवश्यक आहे. परदेशी सेवांवरील पार्श्वनकाशांत जम्मू-काश्मीरची सीमा अनेकदा तुटक रेषेने दाखविलेली असते, त्यामुळे असा पार्श्वनकाशा वापरून भारताचा नकाशा प्रसिद्ध करताना सर्वेक्षण विभागाच्या सीमेशी तो ताडून पाहावा लागतो आणि गरज पडल्यास अधिकृत सीमेचा थर त्यावर घालावा लागतो.