पत्र्याचं घर आणि तिसरी पिन

आजचा भाग एका झटक्यापासून सुरू होतो.

माझ्या मित्राने जुन्या व्हॅनची कॅराव्हॅन बनवली. आत फ्रिज, छोटा गीझर, चार्जिंगचे पॉइंट, सगळं. पावसाळ्यात एका कॅम्पवर थांबलो, बाहेरच्या सॉकेटमधून वायर ओढली. रात्री मी अनवाणी बाहेर पडलो, परत येताना दाराच्या कडीला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. टेस्टर लावला तर अख्ख्या बॉडीवर दिवा पेटला.

आधी मेन वायर काढली. मग एकेक वस्तू सुटी करून, दर वेळी बॉडीला टेस्टर. कोडमधला बग शोधताना आपण तेच करतो ना, एक तुकडा बंद करा आणि बघा. गीझरचा प्लग काढला तेव्हा टेस्टर विझला. कॉइलमध्ये पाणी शिरलं होतं. पण खरा धक्का पुढे होता. कॅम्पच्या सॉकेटचं झाकण उघडलं तर तिसऱ्या, मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. म्हणजे दोन बग एकत्र. अर्थिंग नीट असती तर एकट्या गीझरने मला हात लावला नसता.

गाडीत आत असताना काही कळत नाही, कारण टायर रबरी आणि सगळी बॉडी एकाच दाबावर. धोका असतो तो पाय ओल्या मातीत आणि हात दारावर असतो त्या एका क्षणी.

हे मला तळीयेमुळे सुचलं. महाड तालुक्यातलं तळीये. 22 जुलै 2021 ला महाड शहर पुरात बुडालेलं असताना इथे डोंगर खाली आला. 80 हून जास्त माणसं गेली. वाचलेल्यांना राहायला कंटेनर मिळाले. आणि योगायोग बघा, त्याच वर्षाच्या सुरुवातीला राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं होतं. हौसेचं लोखंडी घर आणि नाइलाजाचं लोखंडी घर. विजेला यातला फरक कळत नाही.

तात्पुरतं म्हणाल, तर 2005 आठवा. जुलैच्या त्या पावसात याच महाड-पोलादपूर पट्ट्यात दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. दासगावच्या काही कुटुंबांची पुढची कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये गेली. चार महिन्यांसाठी ओढलेली वायरिंग अशी वर्षानुवर्षं वापरात राहते.

आता थोडं गणित. आपल्याकडे गावात खांबावरून दोन तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थिंग बहुतेक वेळा ज्याने त्याने करायची : खड्डा, पाइप किंवा प्लेट, कोळसा, मीठ आणि उन्हाळ्यात वरून पाणी. पण कातळात आणि कोरड्या मुरुमात वीज सहज उतरत नाही. समजा तुमच्या अर्थिंगचा रोध 50 ओहम आहे आणि फेज थेट पत्र्याला चिकटली. 230 भागिले 50, म्हणजे 4.6 अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी एवढ्याने हलतसुद्धा नाही. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, तरीही घर जिवंत तार बनून उभं!

माणसाला किती पुरतात? अमेरिकेत बर्कलेच्या चार्ल्स डॅलझील यांनी 1940 च्या दशकात स्वयंसेवकांवर हेच मोजलं. सुमारे 16 मिलीअँपिअरला सरासरी पुरुषाला हातातली तार सोडता येईना. चार वॅटचा दिवा घेतो तेवढा हा करंट.

उत्तर आलं दक्षिण आफ्रिकेतून. 1950 च्या दशकात हेन्री रुबिन यांनी सोन्याच्या खाणींसाठी एक उपकरण बनवलं आणि पुढे स्टिलफाँटेनच्या खाणवस्तीतल्या घरांत 20 मिलीअँपिअरवर तुटणारी शेकडो उपकरणं बसली. कल्पना साधी : जाणारी आणि येणारी तार एकाच कड्यातून न्यायची. गेलं तेवढं परत आलं नाही, तर कुठेतरी गळतंय. तोडा. आजची 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, आपले वायरमन तिला ईएलसीबीच म्हणतात, ती हीच.

आता मला खटकणारी गोष्ट. 2021 ला देशात जे वीजसुरक्षेचे नियम लागू होते, 2010 चे, त्यांत ही सुरक्षा सक्तीची होती, पण 5 किलोवॅटच्या आतल्या सिंगल फेज कनेक्शनला सूट. दोन दिवे, पंखा आणि टीव्ही असलेला कंटेनर त्या सुटीत आरामात बसतो. ज्या घराच्या भिंतीच विजेच्या वाहक, तेच घर नियमाबाहेर.

आणि आरसीसीबी सारखी पडते म्हणून ती काढून टाकणारे मिस्त्री मी पाहिलेत. काढू नका, ऐका तिचं. सगळे एमसीबी खाली करून ती चढवा, मग एकेक वर करा. सगळे खाली असतानाही पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी पत्र्याला टेकलाय, कारण साधा सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. पावसानंतरच पडत असेल तर बाहेरचा बोर्ड बघा. मल्टिमीटरला अशी ओल बऱ्याचदा दिसत नाही, मेगर लावणारा वायरमन बोलवा.

मित्राने व्हॅनमध्ये आरसीसीबी बसवली, सोबत स्वतःचा लोखंडी रॉडही ठेवलाय. गेल्या महिन्यात महाडजवळ थांबलो तेव्हा तो मुरुमात अर्धाच गेला. आम्ही त्याच्या बुडाशी दोन बादल्या पाणी ओतलं, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, खट्कन पडली. मगच चहाची किटली लावली.