भाकड गाईचा वाली

जेवणापूर्वी गोग्रास काढून ठेवण्याची व वसुबारसेस सवत्स धेनूचे पूजन करण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. परंतु घासावर भाकड गाय जगत नाही. दुभत्या गाईस धनी असतो, आटलेलीस कोण? या प्रश्नातूनच पांजरपोळ व गोशाळा निघाल्या.

मुंबईचा पांजरपोळ इ. स. १८३४ मधील. त्याआधी १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या हुकुमावरून शहरात दंगा उसळला होता. पुढे जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांनी मुक्या जनावरांसाठी ही संस्था उभारली. जमशेटजी पारशी होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावी गोरक्षण परिषद भरली. अध्यक्ष महात्मा गांधी. नुसती भाकड जनावरे पोसून गाय वाचणार नाही. दूध, खत, चांगला वळू, इतकेच नव्हे तर मेल्या जनावराचे कातडेही कामी लागले पाहिजे, असे त्यांचे मत. कातड्याची गोष्ट भाविकांच्या गळी उतरणे सोपे नव्हते. जमनालाल बजाज यांनी मात्र १९४१ साली वर्ध्यास गोसेवा संघाचे काम अंगावर घेतले व फेब्रुवारी १९४२ मध्ये देह ठेवीपर्यंत सोडले नाही.

गोशाळेची परीक्षा उन्हाळ्यात होते. सुगीत कडबा स्वस्त असतानाच गंजी रचावी लागते; वैशाखात पैसा हाती असूनही वैरण मिळत नाही. १९७२ च्या दुष्काळात गुरांच्या छावण्या पाहिलेल्यांस हे सांगणे नको.