मुळशीचे पाणी आणि भिऱ्याची वीज

मुळा नदी पूर्ववाहिनी. तिचे पाणी मुठा, भीमा, कृष्णा असे करत बंगालच्या उपसागराला जायचे. टाटांच्या वीज कंपनीने मुळशीला धरण बांधून ते पश्चिमेकडे वळवले. सह्याद्रीचा कडा उतरून पोलादी नळांतून हे पाणी सुमारे 500 मीटर खाली, कोकणातल्या भिरा गावी येते. तिथे 1927 साली वीजनिर्मिती सुरू झाली.

एवढा खटाटोप कशासाठी? वर्गात गणित करून पाहावे. एक घनमीटर पाणी 500 मीटर खाली आले की 49 लाख ज्यूल, म्हणजे सुमारे 1.36 युनिट ऊर्जा मिळते. (यंत्रांत, नळांत थोडी वाया जाते, ती सोडून देऊ.) तेच पाणी धरणाच्या पायथ्याशी 40 मीटर पडले असते, तर जेमतेम 0.11 युनिट!

ही उंची निसर्गाने फुकट दिली होती. साठवण मात्र फुकट नव्हती. पाऊस चार महिने आणि मुंबईच्या गिरण्या बारा महिने. पाणी साठवायला रुंद, सपाट तळाचे खोरे हवे. आणि मावळात भाताची खाचरे असतात तीही अशाच तळाशी. अभियंत्याला जी जागा उत्तम वाटली, तीच शेतकऱ्याची उत्तम जमीन होती. पन्नासच्या वर गावांवर गदा आली. सरकारने 1894 चा भूसंपादन कायदा एका खासगी कंपनीसाठी वापरला.

16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा. पां. म. बापट 'सेनापती' झाले ते इथेच. पण बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे होत्या. त्यांना मोबदला वाढवून मिळाला तरी चालणार होते. कसणाऱ्या मावळ्याला जमीनच हवी होती. माझ्या मते लढा तुरुंगवासाने जेवढा खचला, तेवढाच या फुटीनेही. 1924 अखेर तो संपला.

घाटाखालची हकिगत वेगळी आहे. भिऱ्याच्या चाकांवरून सुटलेले पाणी कुंडलिका नदीत जाते आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांना मिळते. कोकणातल्या कितीतरी नद्या एप्रिलमध्ये कोरड्या पडतात. कुंडलिका वाहती असते. फक्त तिची पातळी दिवसातही चढते-उतरते, कारण ती ठरते विजेच्या मागणीवर.